मिरपुडीचा हक्क

‘अन्नछत्री जेवणे आणि वर मिरपूड मागणे’ ही म्हण ज्याने रचली त्याचे पोट तुडुंब भरलेले असणार, याविषयी माझी खात्री आहे. तो वाढपी असेल किंवा देणगीदार असेल. पंगतीतला नक्कीच नव्हे. फुकट मिळतेय ना, मग मुकाट गिळा, असा त्या म्हणीचा एकूण सूर. पण मी म्हणतो, वरण पांचट असेल तर माणसाने मिरपूड का मागू नये? भुकेल्याला पोट असते तशी जीभही असतेच की!

हा प्रश्न मला पडला तो शिवभोजन थाळीमुळे. 26 जानेवारी 2020 रोजी राज्य सरकारने ती सुरू केली. दोन चपात्या, वाटीभर भाजी, भाताची मूद आणि वरण, किंमत रुपये 10 फक्त. शहरात थाळीचा हिशेब 50 रुपयांचा धरला होता आणि खेड्यात 35 चा. वरचे 40 किंवा 25 रुपये सरकारने केंद्रचालकाला द्यायचे.

आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांना ही थाळी न खाताच बाधली. “अहो, धडधाकट माणसं जेवतात तिथं! मनगटावर घड्याळ असलेला इसम मी या डोळ्यांनी पाहिला!”

घड्याळाने भूक भागत असती तर आपण सगळे दुपारी बारा वाजता ते चघळत बसलो असतो. मी म्हटले, “तुमचा गॅस इतकी वर्षं सवलतीत जळला. मुलं सरकारी अनुदानाच्या कॉलेजात शिकली. तेव्हा कुणी तुमचं मनगट तपासलं का?”

“ते वेगळं,” ते म्हणाले. “तो आमचा हक्क!”

म्हणजे आपल्याला मिळते ती सवलत आणि दुसऱ्याला मिळते ते फुकट! संसदेच्या कॅन्टीनमधली सवलत 2021 साली बंद झाली. तोवर तिथे जेवणाऱ्यांचा घासागणिक फोटो काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शिवभोजनात मात्र जेवणाऱ्याचा फोटो मोबाईलवर चढवावा लागे. लग्नाच्या पंगतीत फोटोवाला आला की आपण केस सारखे करतो. इथे माणसाने काय सारखे करावे? भूक?

आता कोणी म्हणेल, दहा रुपये तरी कशाला घ्यायचे? मला वाटायचे, ते जेवणाचे नव्हेत, तक्रारीचे. पैसे मोजले की “भात कच्चा आहे हो” असे मोठ्याने म्हणता येते. पण टाळेबंदीत थाळी आधी 5 रुपयांवर आली आणि 15 एप्रिल 2021 पासून काही काळ मोफतच झाली. हाताला काम नसलेल्याकडे स्वाभिमानाचे सुटे पैसे मागायचे नसतात, हे ठीकच झाले. मग त्या दिवसांत त्याने कच्चा भात गोड मानून घ्यायचा होता का? मुळीच नाही! काडेपेटी आणि साबण घेताना तोही कर भरतोच. सरकारच्या चाळिसांत त्याचे दोनचार आणे असतात. तेव्हा तो पाहुणाही नव्हे आणि याचकही नव्हे. पंक्तीचा भागीदार आहे.

गंमत पुढेच आहे. 2025 साली अनेक केंद्रांचे अनुदान महिनोन्‌महिने थकल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे दहा रुपयेवाला गरीब रोख देतो आणि चाळीस रुपयेवाले सरकार उधारीवर! मधल्या काळात सरकारचे पुण्य किराणा दुकानदाराच्या वहीत चढत राहते. वाणी डाळ देईनासा झाला की केंद्र चालवणारी बाई करणार काय? वरणात पाणी घालते, नाहीतर दाराला कुलूप. आपण मात्र जेवणारा खरा गरजू की खोटा, हे शोधत बसतो. देणारा खरा की खोटा, हे कोणी विचारत नाही.

म्हणून मिरपूड जरूर मागावी. फक्त ती वाढणाऱ्या बाईकडे मागू नये. तिचा डबा केव्हाच रिकामा झालाय. ती मंत्रालयाच्या दारात मागावी. आणि मागायला आपण मध्यमवर्गीयांनीही जावे, मनगटावर घड्याळ लावून. किती उशीर झालाय ते तरी दाखवता येईल.