उघडी पाठ

घोड्याची पाठ बसण्यासाठी झालेली नाही. तिला पोटाचा अवजड संभार तोलून धरायचा असतो. वरून काही येईल, असे निसर्गाने गृहीत धरले नव्हते. माणूस वर चढला आणि म्हणाला, किती सोयीची जागा!

बिनजिनाच्या स्वारीचे गोडवे स्वारच गातात. घोड्याची ऊब मांड्यांना कळते, त्याचा श्वास कळतो, पाऊल उचलण्याआधीची पाठीची हालचाल कळते. मधे चामडे नाही, लाकूड नाही. सगळे खरे. फक्त हे सगळे वरच्याला मिळते.

खालच्याच्या वाट्याला माणसाच्या बैठकीची दोन हाडे येतात. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत हिलरी क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या पाठीवर दाब मोजणारी चादर घालून ही गोष्ट तपासली. निबंध २०१३ साली आला. जीन नसताना भार टेकण्याची जागा लहान झाली होती आणि दाब वाढला होता. सर्वाधिक दाब बैठकीच्या हाडांखाली. जिनाचे वजन काढून टाकले, तर घोड्याला हलके वाटेल हा आपला हिशेब. पाठीचा हिशेब निराळा: किती वजन, याइतकेच ते कुठे आणि किती वेळ, हेही तिथे मोजले जाते.

जवळीक बोचते. अंतर वाटून घेते. चांगल्या जिनाचा सांगाडा मणक्यांना मधे मोकळी वाट ठेवतो आणि भार दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पसरतो. स्वार घोड्यापासून बोटभर दुरावतो तो असा.

मणक्यांच्या दोन्ही अंगांना जे लांब स्नायू धावतात, ते मुळात हालचालीचे. चालताना ते आवळतात, सैल होतात, पुन्हा आवळतात. त्यांच्यावर एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो. पहिल्या मैलात काहीच दिसत नाही. पुढे घोडा पाठ ताठ करतो, किंवा खाली दबवतो, पावले आखूड टाकतो. स्वाराला वाटते, जनावर आता शहाण्यासारखे चालू लागले.

थोडा वेळ, हलका स्वार, भरलेली पाठ: एवढ्यावर सहसा काही बिघडत नाही. स्वाराचा तोल तर त्यातून सुधारतोच. पण लांब पल्ल्यात आधी स्वार थकतो. कंबर ढिली पडते, बसणे जड होते. चढावर तो मागे घसरतो, उतारावर पुढे. मागे शेवटच्या बरगडीपलीकडे कंबरेचे मणके आहेत, त्यांना बरगड्यांचा आधार नाही. पुढे खांद्यांचा हाडकुळा उंचवटा आहे. दोन्ही जागा माणसाच्या नव्हेत.

ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफन याच्या काळी ग्रीकांकडे सांगाड्याचे जीन नव्हते, रिकीब नव्हती. फार तर एक कापड. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या आपल्या अश्वविद्येच्या पुस्तकात तो घोडा निवडताना ‘दुहेरी पाठ’ पाहा म्हणतो: दोन्ही बाजूंचे मांस इतके भरलेले की मणका मधे खोलगट जागी दडावा. कारण देतो ते बसायला मऊ म्हणून, दिसायला छान म्हणून. सल्ला अचूक, विचार मात्र स्वत:च्या बैठकीचा. अनेकदा जनावराचे भले असे आपल्या सोयीच्या आडवाटेने होते, आणि तेही काही वाईट नाही.

याच माणसाने इराणी साम्राज्यातून परतणाऱ्या दहा हजार ग्रीक सैनिकांना धीर देताना शत्रूच्या घोडदळाची टिंगल केली होती. घोडेस्वार घोड्यावर लटकलेला असतो, त्याला आपली भीती आणि पडण्याचीही, अशा अर्थाची. विनोद सैनिकांसाठी होता, पण घोड्याने तो जास्त समजून घेतला असता. भ्यालेला स्वार मांड्या आवळतो, आणि ती पकडही पाठीलाच सोसावी लागते.

मजल वाढली की मांस झडते. दुहेरी पाठ एकेरी होते, मणका वर येतो. निघताना ज्या गादीवर विसंबलो, ती वाटेत संपत जाते.

मधला मार्ग काढायला जावे तर तो जास्त बोचतो. सांगाडा नसलेल्या नुसत्या गादीला रिकिबी लावल्या की त्यांत उभे राहणाऱ्याचा सगळा भार एका पट्ट्याखाली उतरतो.

जीनही निष्पाप नाही. न बसणारे जीन उघड्या पाठीपेक्षा वाईट. दाबाने केसांची मुळे दुखावली की तिथे पांढरे केस उगवतात. काळ्या घोड्याच्या पाठीवरचे असे ठिपके म्हणजे आधीच्या मालकाची सही.

मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा स्वत:चा असे. घोडा गेला तर शिलेदाराची रोजी जाई. सोलवटलेली पाठ कोणाला आधी दिसत असेल, हे सांगायला बखर लागत नाही.

जुन्या घोडदळांत लांब कूच करताना स्वार मधूनमधून खाली उतरून लगाम धरून चालत. मुक्कामी पोचल्यावर जीन झटकन काढत नसत. तंग सैल करून थोडा वेळ तसेच ठेवत, दाबलेल्या जागी रक्त हळूहळू परतावे म्हणून. आजही लांब पल्ल्याच्या शर्यतीतले जाणते स्वार अवघड उतारावर उतरून घोड्याशेजारी पळतात. उघड्या पाठीवर लांब जाण्याचा हट्टच असेल, तर निम्मी वाट पायी चालायची तयारी हवी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मणक्याच्या दोन्ही कडांनी बोटे सावकाश दाबत न्यावीत. घोडा अंग चोरून पाठ खाली नेत असेल, तर त्या दिवशी स्वारी रद्द.