पळायचं अंतर

मासा पळतो म्हणून तो भित्रा ठरतो काय? प्रश्न पोरकट वाटेल. पण भीती म्हणजे दुर्गुण आणि विश्वास म्हणजे सद्गुण असा हिशेब आपल्याला शाळेपासून घोटून दिलाय. त्या हिशेबात भाला कुणाच्या हातात आहे, याला रकानाच नाही. म्हणून माशापासून सुरुवात करू. माशाला जात नाही. त्याच्यावर न्यूनगंडाचा शिक्का मारायला अजून कुणी विद्वान पाण्यात उतरलेला नाही.

पैठणच्या बाजारात रोहू हातात घेऊन बघा. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत अंगावर एक बारीक रेघ दिसेल. त्या रेघेवरच्या खवल्याखवल्याला भोक असतं. भोकांच्या खाली एक नळी आणि नळीत केसासारख्या टोकांच्या पेशी. जवळचं पाणी जरा हललं की ती टोकं वाकतात, आणि कुठल्या बाजूनं काय येतंय ते माशाला कळतं. शास्त्राच्या पुस्तकात तिला पार्श्वरेषा म्हणतात. रोहू, कटला, मृगळ यांच्यात आणखी एक करामत. पोटातली हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी त्यांच्यात असते. पाण्यातल्या आवाजानं पिशवी थरथरते आणि हाडं ती थरथर कानापर्यंत पोचवतात. म्हणजे मासा अंगानं ऐकतो आणि पोटानंही ऐकतो. नाथसागराच्या गढूळ पाण्यात डोळ्यावर विसंबून भागणार कसं?

इथं काम जाळ्याचं आणि गळाचं. भाला घेऊन बुडी मारायची तर पाणी नितळ लागतं. ते काम समुद्राचं. भूमध्य समुद्राचं, पॅसिफिकमधल्या बेटांचं. पाणबुड्या दम कोंडून खाली जातो. हातात रबरी पट्ट्यानं ताणलेला लोखंडी भाला सोडणारी बंदूक. बेटावरचा माणूस पोराबाळांच्या पोटासाठी मारतो, युरोपातला सुट्टी घालवायला मारतो. माशाला भाला दोघांचाही सारखाच लागतो, पण नीतीच्या प्रश्नात या दोघांना मी एका पंगतीला बसवणार नाही.

यातला तरबेज शिकारी पाठलाग करत नाही. पायातले रबरी पंख हलवले की पाणी हलतं आणि पाणी हललं की मासा गेला. म्हणून तो खडकाआड निपचित पडतो. माशाकडं सरळ बघतसुद्धा नाही, तोंड दुसरीकडं वळवतो. मग माशालाच राहवत नाही. हे काय पडलंय म्हणून तो जवळ येतो. भाला तेव्हा सुटतो. सावध माशाचं मरण कधी कधी त्याच्या कुतूहलात असतं.

जखमेलाही बोलता येतं. कार्ल फॉन फ्रिश नावाचा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होऊन गेला. पुढं १९७३ साली त्याला नोबेल मिळालं, मुख्यतः मधमाश्यांच्या अभ्यासासाठी. त्याला १९३०च्या दशकात असं दिसलं, की जखमी झालेला एक छोटा मासा थव्यात परत सोडला की सगळा थवा बिथरून पळतो. माशाच्या कातडीत एक द्रव्य असतं. कातडी फाटली तरच ते पाण्यात मिसळतं आणि बाकीच्यांना त्याचा वास लागतो. ज्याची कातडी फाटली त्याला त्याचा काय फायदा, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. त्यांना भांडू द्या. फाटलेल्या कातडीचा निरोप थव्यापर्यंत पोचतो, एवढं आपल्याला पुरे.

आता मुद्द्याचं. या भीतीला फूटपट्टी लावता येते. पाण्यात उतरायचं, एका माशाच्या दिशेनं संथ पोहत जायचं. तो पळाला की आपण होतो तिथं खूण टाकायची, तो होता तिथपर्यंत मोजायचं. हे पळायचं अंतर. अनेक समुद्रांत हे मोजलं गेलंय. जिथं भाल्यानं मारतात तिथं ते अंतर वाढतं, आणि ज्या जातीच्या माशाला जास्त मारतात तिचं जास्त वाढतं. जिथं शिकारीला बंदी आहे, तिथं तोच मासा माणसाला पुष्कळ जवळ येऊ देतो. मासा तोच, पाणी तेच. म्हणजे अंतर माशाच्या स्वभावात नव्हतं. त्या पाण्यात आजवर किती भाले सुटले, याची ती नोंद आहे. उद्या कुणी म्हणालं, हे मासे फार संशयी, माणसात मिसळत नाहीत. तर त्याला एवढंच विचारायचं, बाबा, भाले मोजलेस काय?

सावधपणाचा उदोउदो करायचीही गरज नाही. सावध मासा जगतो, पण सारखा पळणारा पोटभर खात नाही. चांगली चरायची जागा सोडून त्याला कपारीत दिवस काढावे लागतात. भीती हे ज्ञानच आहे, पण ते फुकट मिळत नाही. रोजच्या घासातून त्याची किंमत कापली जाते. आणि ही कपात शिकाऱ्याच्या खात्यावर कुणी लिहीत नाही.

व्हानुआटू बेटांवर एक रीत आहे. गाव मिळून समुद्राचा एक तुकडा काही काळ बंद ठेवतं. मग ठरल्या दिवशी उघडतं आणि मासे मारतं. तिथं मोजलं तर बंद तुकड्यातले मासे धीट झालेले आढळले, माणसाला जवळ येऊ देणारे. आणि धीट मासा भाल्याला सोपा. गावाला जेवण मिळतं, मी त्याला नावं ठेवत नाही. फिलिपाईन्समध्येही असंच दिसलं. राखीव पाण्याच्या हद्दीबाहेर, पण हद्दीच्या जवळ, मासे कमी बुजतात. संरक्षणात आलेला धीटपणा हद्द ओलांडून बाहेर येतो. भाल्याला हद्द कुठं आहे ते पक्कं ठाऊक असतं.

आपल्याकडची हद्द बघा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगाव आपली घरं पेटली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या वर्षांतून निघालेली माणसं अजून आहेत. एस.टी.तून उतरलं की पहिली नजर पारावर. कोण बसलंय, कोण उठून उभं राहिलं, कुणाचं बोलणं मधेच थांबलं. नागसेनवनात शिकलेला नातू म्हणतो, म्हातारं लई भेकड. नातवाची छाती पुढं आहे, ती तशीच असू द्या. ती यायला खूप माणसं खपली. पण त्याचा धीटपणा नागसेनवनाच्या पाण्यात वाढलाय आणि सुट्टीत तो गावच्या पाण्यात जातो. म्हाताऱ्याच्या अंगावर जी रेघ आहे ती त्याला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, २०२५ साली प्रसिद्ध झालेली. कॉर्सिका बेटाजवळच्या रानटी माशांना एका पाणबुडीनं खाऊ देऊन मागं यायला शिकवलं. मग दुसरा पाणबुड्या सोबत उतरला, त्याच्याकडं खाऊ नाही. मासे शिकले, बरोबर खाऊवालीच्या मागं जाऊ लागले. कशावरून ओळखलं? पोशाखाच्या रंगांवरून. दोघांनी एकसारखा पोशाख घातला तेव्हा माशांना ओळखता येईना. म्हणजे अंगाची रेघ, हाडांची साखळी, वास, सगळं असूनही पोशाख बदलला की मासा फसतो. आपल्या पारावरच्या माणसांनीही पोशाख बदललाय. निळा गमछा कुणाच्याही गळ्यात दिसतो आता. भाषणही आपलंच पाठ केलेलं असतं.

तेव्हा कामाचं बोलू. सुट्टीत गावी जाल तेव्हा फूटपट्टी घेऊन जा. आजी पाणवठ्यावर कुठं थांबते, बाप पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना रस्त्याच्या कुठल्या कडेला सरकतो, आई किराणा दुकानात पैसे हातात देते का फळीवर ठेवते. त्यांना विचारा, हे कधीपासून, आणि त्याआधी काय झालं होतं. अंतर फुटांत लिहा, वर्ष आकड्यात लिहा, आणि भाला कुणाचा होता तेही. कविता पुष्कळ आल्यात. हे पाठवा.