अस्मिता, आत्मपरीक्षण आणि विसावा

पतंजलीच्या योगसूत्रांत 'अस्मिता' हा पाच क्लेशांपैकी एक क्लेश आहे. अविद्येच्या पाठोपाठ आणि राग, द्वेष, अभिनिवेश यांच्या आधी त्याची गणना होते. पाहणारा आणि पाहण्याचे साधन यांची गल्लत करून 'मी' म्हणून जे घट्ट धरले जाते त्याला तेथे हे नाव दिलेले आहे. गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेने आणि सार्वजनिक व्यवहाराने हाच शब्द नेमक्या उलट्या अर्थाने रूढ केला. आज अस्मिता शोधायची, जपायची, जागवायची असते, आणि ती दुखावली गेली तर रस्त्यावर उतरायचे असते. शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु एखादा क्लेश मूल्य होतो तेव्हा मधल्या प्रवासात काय गळून पडले, एवढे तरी विचारायला हवे.

हा प्रश्न येथे मराठी ख्रिस्ती आत्मकथनांच्या संदर्भात विचारायचा आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय', पंडिता रमाबाईंचे १९०७ सालचे साक्षीपर लेखन, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या संहिता आपण सामान्यतः 'आत्मशोधाची कथने' म्हणून वाचतो. जुनी ओळख सुटली, नवी सापडली, मध्ये यातना झाल्या, असा एक तयार साचा हाताशी असतो आणि संहिता त्यात बसवल्या जातात. साचा अगदीच चुकीचा आहे असे नाही. पण या लेखनातील सर्वांत विलक्षण गोष्ट त्यातून निसटते. यांतील काही माणसांना स्वतःचा शोध लागला नाही. स्वतःकडे पाहत राहण्याच्या सक्तीतून ती सुटली. या दोन घटनांत फार मोठे अंतर आहे.

येथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मिशेल फूको याने 'लैंगिकतेचा इतिहास' या ग्रंथाच्या १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या खंडात दाखवले की स्वतःच्या अंतरंगाचा सतत धांडोळा घेणारा, ते शब्दांत मांडणारा आणि त्यातच आपले सत्य आहे असे मानणारा माणूस घडवण्यात ख्रिस्ती पापनिवेदनाच्या प्रथेचा मोठा वाटा आहे. मग ख्रिस्ती श्रद्धा माणसाला स्वतःपासून सोडवते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? उत्तर असे की ही प्रथा आणि तिच्याविरुद्धचे बंड, दोन्ही त्याच परंपरेतून आलेली आहेत. एरफुर्टच्या मठात तासन्तास पापांची कबुली देऊनही शांत न होणारा मार्टिन लूथर पुढे रोमकरांस पत्रावरील आपल्या व्याख्यानांत मानवी पापाचे वर्णन 'स्वतःवरच वाकलेला' या प्रतिमेने करतो. त्यातील मर्म असे की हे वाकलेपण धर्माचरणातही शिल्लक राहते, किंबहुना तेथेच ते अधिक चिवट होते. आपल्या पश्चात्तापाची खोली मोजणारा माणूसही शेवटी स्वतःच्याच अंगणात फेऱ्या घालत असतो.

रमाबाईंची साक्ष या दृष्टीने पाहावी. त्यांचे पूर्वायुष्य वाचकांना माहीत आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची तीर्थयात्रा, पुराणकथन, उपवास, स्नाने, प्रदक्षिणा, आणि १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण यांचे निधन. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सामान्य धर्मांतरकथा येथे संपली असती. रमाबाई मात्र स्वतःच लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे 'फ्रॉम डेथ इन्टू लाइफ' हे पुस्तक त्यांच्या वाचनात आले होते. इतरांना उपदेश करता करता स्वतःच्याच प्रवचनाच्या वेळी ज्याचे परिवर्तन झाले अशा माणसाचे ते कथन. ते वाचून त्या अस्वस्थ झाल्या, यात नवल नाही.

या आठ वर्षांत त्यांच्याकडे कशाची कमतरता होती? चारित्र्याची नव्हती, बुद्धीची तर नव्हतीच. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या सिद्धांतांच्या प्रश्नावर स्वतःच्या सदसद्विवेकाचा हक्क इतक्या करारीपणे मांडतात की आजच्या अभ्यासकांना त्या पत्रांतच 'खऱ्या' रमाबाई दिसतात. पुरोहितवर्गाचे एक जोखड टाकून दुसरे घ्यायला ही बाई तयार नव्हती. हा करारीपणा मोलाचा आहे आणि तो त्यांनी पुढेही सोडला नाही. परंतु त्यांच्या स्वतःच्या निर्णयाप्रमाणे जुन्या हिशेबाची वही अद्याप बंद झाली नव्हती. पूर्वी तीर्थे आणि व्रते जमेला धरली जात. आता पश्चात्ताप, बाप्तिस्मा, सेवा. खातेदार तोच होता. १८९१ च्या सुमारास त्यांना जे उमगले ते हे की तारण म्हणजे आपल्या प्रयत्नाचे फळ नव्हे, ते नुसते घ्यायचे असते.

यापुढचा इतिहास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. १८९३ मध्ये पुण्यातील शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. एकीकडे हिंदू समाजाला रमाबाई परक्या झाल्या होत्या, दुसरीकडे चर्चच्या शिस्तीला त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. ज्याची अस्मिता इतरांच्या मान्यतेवर उभी आहे असा माणूस अशा कात्रीत सापडला की एकतर खुलासे देत बसतो किंवा कोणत्यातरी एका गोटात जाऊन कडवा होतो. रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुली आल्या. केडगावचे 'मुक्ती' उभे राहिले. त्यानंतर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या आणि १९२२ मधील मृत्यूपर्यंत ते काम करीत राहिल्या. श्रद्धेत विसावणे म्हणजे हातपाय गाळणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा कालक्रम तपासावा. कामाचा वेग १८९१ नंतर वाढलेला आहे. फक्त त्या कामाने स्वतःची पात्रता सिद्ध करायची नव्हती.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण वेगळ्या जातीचे. 'स्मृतिचित्रे'चा आरंभ नायिकेपासून होत नाही. सत्तावनच्या बंडानंतर घरावर आलेल्या फाशीच्या प्रसंगापासून आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनात शिरलेल्या सोवळ्याच्या वेडापासून होतो. हे सोवळे म्हणजे स्वतःवर वाकलेल्या मनाचे मराठीतील बहुधा सर्वांत हुबेहूब चित्र आहे. काय शिवले, कोण शिवले, पुन्हा धुवायचे की नाही, या पलीकडे त्या माणसाला जगच उरत नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा पत्नीच्या वाट्याला विरह आणि उपहास आला. पुढे त्या पतीकडे परतल्या त्याही सोवळे घेऊनच. ते सुटले कसे? कोणत्याही धर्मशास्त्रीय वादात नव्हे. देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसाने केल्या, एवढा साधा विचार एका बैठकीत मनात पक्का झाला आणि त्या क्षणी कोणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर. विशेष हे की या प्रसंगाचे त्या भांडवल करीत नाहीत. पुस्तकभर त्या स्वतःला हसत राहतात. त्यांच्या विनोदाची स्तुती मराठी समीक्षेने पुष्कळ केली, पण तो स्वभावगुण म्हणून. माझ्या मते तो त्यांच्या श्रद्धेचाच आविष्कार आहे. ज्याला स्वतःला सांभाळत बसावे लागत नाही त्यालाच स्वतःवर इतके निश्चिंतपणे हसता येते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात कष्टी आणि भाराक्रांत लोकांना जे देऊ केले आहे त्याला मराठी भाषांतरात 'विसावा' हा शब्द आहे. निवड मार्मिक आहे. विसावा ही मनाची अवस्था नंतर, आधी ती वाटेवरची जागा. डोक्यावरचे ओझे उतरवायचे ठिकाण. तिरडी क्षणभर खाली टेकवतात त्या जागेलाही आपण विसावाच म्हणतो. म्हणजे या शब्दात भार गृहीत आहे, वाट गृहीत आहे, आणि पुढे जायचे आहे हेही गृहीत आहे. 'शांती' या शब्दात यातले काही नाही.

आता प्रश्नाची कठीण बाजू. वर आलेल्या व्यक्ती ब्राह्मण वा उच्चवर्णीय घरांतल्या, अक्षरसंपन्न होत्या. स्वतःकडे पाहण्याची सवय आणि ती टाकण्याचे स्वातंत्र्य, दोन्ही त्यांना उपलब्ध होते. जव्हार-मोखाड्यातील वारली, कोकणा, ठाकूर किंवा कातकरी माणसाला हे कितपत लागू पडते? मुकण्यांचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला; पण नागली-वरईची कापणी उरकली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबच्या कुटुंब जाणे चालूच राहिले. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा डोंगर महाराष्ट्राला काही काळ माहीत झाला. अशा ठिकाणी 'स्वतःत गुंतणे सोडा, श्रद्धेत विसावा' असे सांगणे हे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे होईल. आध्यात्मिक शब्दांचा असा वापर झालेलाच नाही असे कोणी म्हणू नये.

तरीही प्रश्न तेथेच अधिक धारदार होतो, कारण या भागात ख्रिस्ती झालेल्या आदिवासीला 'मी कोण' हा प्रश्न स्वतः विचारावा लागत नाही. तो त्याला विचारला जातो. तू आदिवासी की ख्रिस्ती? धर्मांतरितांना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे ही मागणी १९६० च्या दशकाच्या अखेरीस कार्तिक उराँव यांनी संसदेच्या पातळीवर नेली आणि ती आजही अधूनमधून उठते. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींविषयीच्या आदेशात नाही. परंतु केरळ राज्य विरुद्ध चंद्रमोहनन या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ धर्मांतराने जमातीचे सदस्यत्व जात नाही. मात्र त्या व्यक्तीने रूढी-परंपरा पाळणे चालू ठेवले आहे काय, जमातीने तिला आपली मानले आहे काय, हे पुराव्यानिशी पाहावे लागेल. कायद्याच्या दृष्टीने हे कदाचित अटळ असेल. त्याचा नैतिक परिणाम मात्र असा की माणसाला स्वतःकडे साक्षीदाराच्या नजरेने पाहत राहावे लागते. मी पुरेसा वारली आहे ना? आणि रविवारच्या उपासनेत, मी पुरेसा ख्रिस्ती आहे ना? रमाबाईंची कात्री ती हीच. फरक असा की येथे पणाला जमीन आणि दाखला लागलेला असतो.

याच तालुक्यांतील बोहाडा येथे आठवतो. होळीनंतरच्या दिवसांत रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवदैत्यांची सोंगे निघतात. सोंगाचा मान घराण्यात चालत येतो. मुखवटा घालणारा नट नव्हे. भूमिकेत 'शिरण्या'ची धडपड तो करीत नाही, आणि मुखवट्यामागचा खरा मी कोणता हा आधुनिक प्रश्नही त्याला पडत नाही. सोंग त्याला दिलेले असते. तो ते वाहतो, नाचवतो, आणि उतरवून ठेवतो. बोहाडा आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची सांगड घालण्याचा माझा हेतू नाही. मिशनरी परंपरेने अशा सोंगांकडे बहुधा संशयानेच पाहिले असते. परंतु 'मिळालेली ओळख' ही कल्पना जेथे परकी नाही, तेथे पौलाच्या पत्रांतील 'ख्रिस्ताला परिधान करणे' ही प्रतिमा पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा अधिक सरळ कळेल असे मला वाटते. आपण ती व्यक्तिमत्त्वविकासाच्या भाषेत समजून घेतो आणि पुन्हा त्याच अंगणात येतो.

तेगेलच्या तुरुंगात १९४४ मध्ये डीट्रिख बॉनहोफर याने 'मी कोण?' या नावाची कविता लिहिली. इतरांना दिसणारा धीराचा मी आणि स्वतःला जाणवणारा गलितगात्र मी यांपैकी खरा कोणता, हे तो ठरवत नाही. मी कोणीही असलो तरी देवाचा आहे, एवढ्यावर तो थांबतो. नंतर वर्षभराच्या आत त्याला फाशी झाली. त्याने प्रश्न टाळला, असे म्हणता येईल काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. त्याने प्रश्नाचा मालक बदलला. चौकशी करणाऱ्या राजसत्तेला तेव्हा त्याच्याकडून हवे होते ते नेमके 'तू कोण' याचे उत्तर.

जव्हारच्या घाटातून भट्टीवर निघालेल्या ख्रिस्ती वारली कुटुंबाला हे उत्तर कोणत्याही दाखल्याच्या ऐवजी पुरणार नाही. दाखला त्याला मिळालाच पाहिजे, आणि तो मिळवून देणे हे ज्यांच्या हाती आहे त्यांचे काम आहे. पण दाखला खिशात असला आणि मनात चौकशी चालूच राहिली, तर ओझे उतरले असे म्हणता येत नाही. रमाबाई वाँटेजहून परतल्या तेव्हा बाप्तिस्म्याची नोंद त्यांच्यापाशी होतीच.