आपल्या वाट्यापुरती माफी

भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रात्रपाळी करून, लेथवर उभं राहून माल वेळेत दिला जातो. चलनावर सही होते. आणि मग समोरचा फोन उचलेनासा होतो. काही काळानं तोच माणूस नाशिक फाट्यावर दिसला, तर? जाब विचारावा, की सोडून द्यावं?

इथून जवळच, देहूला, तुकोबांनी लोकांकडून येणं असलेली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खतं त्यांनी आधी त्याच्या हाती दिली. बुडवली ती फक्त आपली. भावाच्या वतीनं ते उदार झाले नाहीत.

आपल्या बुडालेल्या पैशात हेल्परचा पगार असेल, बायकोच्या गहाण पाटल्या असतील, तर ‘जाऊ दे’ म्हणण्याआधी त्यांना विचारायला हवं.

आणि जाब विचारायला जायचंच, तर कबुलीच्या आशेनं जाऊ नये. फसवणाऱ्याकडे त्याची वेगळी हकिकत तयार असते. ती ऐकून जखम पुन्हा उघडते. चलन आणि बिलं घेऊन जावं, सोबत शांत डोक्याचं माणूस असावं. नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे २००६च्या कायद्यानुसार फार तर ४५ दिवसांत मिळायला हवेत. दिवाणी दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. ती निघून जाण्याआधी, आज संध्याकाळीच घरच्यांशी बोलून घ्या.