तीच मोटार?

1990 साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे एक दावा आला. वरवर पाहता तो खरेदी-विक्रीच्या कराराचा होता. एका गृहस्थांनी आपली जुनी बेंटले मोटार एका कंपनीला सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचे त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात ठरवले होते. कोणत्याही मोटारीला त्या काळी ही किंमत असाधारणच होती. पुढे खरेदीदाराने माघार घेतली आणि कारण दिले ते असे, की जी मोटार विकण्याचे ठरले होते ती ही मोटारच नव्हे. मोटार तर समोर उभी होती. तिची चोरी झाली नव्हती, अदलाबदल झाली नव्हती, कोणी तिची नक्कल करून आणून ठेवली होती असाही आरोप नव्हता. तरीही 'ही ती नव्हे' असे एक पक्ष शपथेवर म्हणत होता आणि दुसरा पक्ष 'हीच ती' असे तितक्याच ठामपणे सांगत होता. दर्शनशास्त्राच्या पाठशाळेत शतकानुशतके घोळलेला वाद रोकड व्यवहाराच्या रूपाने न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे उभा राहिला होता, आणि त्यांना तत्त्वज्ञांची सवलत नव्हती. ठराविक मुदतीत उत्तर देणे त्यांना भाग होते.

या मोटारीला बेंटलेच्या चाहत्यांच्या जगात 'ओल्ड नंबर वन' असे नाव आहे. साडेसहा लिटर क्षमतेच्या 'स्पीड सिक्स' जातीची ही गाडी. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत तिने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे पहिला क्रमांक मिळवला. पहिल्या वर्षी वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती चालवली, दुसऱ्या वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किड्स्टन यांनी. बार्नाटो हा दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींवर अमाप संपत्ती मिळवलेल्या बापाचा मुलगा. बेंटले कंपनी सतत पैशाच्या अडचणीत असे आणि ती अडचण काही वर्षे त्यानेच निभावून नेली. तो कंपनीचा अध्यक्षही होता आणि तिच्या मोटारी शर्यतीत हाकणाराही होता. 1931 मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. मोटार मात्र शर्यतीतून निवृत्त झाली नाही. 1932 मध्ये तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवण्यात आले. त्या सप्टेंबरात इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डन्फी हा तरुण ती चालवत असता गाडी वळणावरच्या उंच उताराच्या काठावरून पलीकडे गेली. डन्फी जागीच मरण पावला. मोडलेली मोटार बार्नाटोने पुन्हा उभी करवली, पण शर्यतीसाठी नव्हे. तिच्यावर दोन माणसांची, वर टप असलेली बंद बॉडी चढवून त्याने ती रस्त्यावरची गाडी करून घेतली.

न्यायालयात या मोटारीचे जणू शवविच्छेदनच झाले. कोणता भाग कोणत्या वर्षाचा, याची छाननी तज्ज्ञांनी केली. तिच्यातून निघालेली यादी एखाद्या बौद्ध आचार्याला आनंद व्हावा अशी होती. 1929 मध्ये जिंकलेल्या गाडीतले, ज्यांचा काळच ठरवता येत नाही असे काही किरकोळ जोडभाग सोडले तर काहीही उरलेले नव्हते. 1930 च्या गाडीतले म्हणून पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा स्तंभ एवढेच दाखवता येत होते. 1932 च्या, म्हणजे अपघातातल्या गाडीचे मात्र बरेच काही शिल्लक होते : चासीचा सांगाडा, स्प्रिंगा आणि त्यांची जोडणी, पुढचा आस, मागच्या आसाचे घर, मागचे ब्रेक आणि ते आठ लिटरचे इंजिन. बॉडी तर अनेकदा बदललेली. बार्नाटोने चढवलेली बंद बॉडी मधल्या काळात केव्हातरी उतरवली गेली होती आणि तिच्या जागी शर्यतीच्या दिवसांची आठवण देणारी उघडी बॉडी आली होती. खरेदीदाराचा आक्षेप एका वाक्यात मांडायचा तर, ज्या लोखंडाने ल माँ जिंकले ते लोखंड इथे नाही, मग पैसे कशाचे?

अशा प्रसंगी पाश्चात्त्य लेखकांना प्लूटार्कने सांगितलेले थीसियसचे जहाज आठवते. त्याच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या आणि अथेन्सचे पंडित वाद घालत राहिले. हे उदाहरण इतके वापरले गेले आहे की त्याच्याही बहुतेक फळ्या आता बदललेल्या आहेत. भारतीय परंपरेतले उदाहरण मोटारीला अधिक जवळचे आहे. मिलिंद राजा रथात बसून आला, तेव्हा भदंत नागसेनाने त्याला रथ म्हणजे काय, असे विचारले. चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे नव्हे, जू म्हणजेही नव्हे. मग या सर्वांवाचून रथ म्हणून वेगळे काही उरते काय? राजाला कबूल करावे लागले की 'रथ' हा या सर्वांच्या आधाराने चालणारा व्यवहारातला शब्द आहे. नैयायिकांना हे मान्य होण्याजोगे नव्हते. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज समोर दिसला की 'तोच हा' अशी ओळख पटते, आणि ही प्रत्यभिज्ञा वस्तूच्या टिकण्याचा पुरावाच होय, असे त्यांचे म्हणणे. त्यावर बौद्धांचे उत्तर मार्मिक होते. कापलेले केस पुन्हा वाढतात तेव्हाही माणूस 'तेच केस' म्हणतो आणि रात्रभर तेवणाऱ्या ज्योतीलाही 'तीच ज्योत' म्हणतो. ओळख पटली म्हणून वस्तू तीच ठरत नाही. सादृश्य मनाला सहज फसवते.

न्यायमूर्ती ऑटन यांनी न्यायसूत्रे वाचली असण्याचा संभव नाही, पण त्यांनी धरलेली वाट या दोन टोकांच्या मधून जाते. मोटार 'मूळची' आहे असे म्हणता येणार नाही हे त्यांनी मान्य केले. तरीही 'ओल्ड नंबर वन' या नावावर तिचा हक्क आहे आणि ती अस्सल आहे, असा निर्णय त्यांनी दिला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की नवे भाग जुन्यात इतक्या सलगपणे सामावले गेले की कोणत्याही एका टप्प्यावर गाडीची ओळख तुटली नाही. चार मोसम ती अखंडपणे शर्यतीत राहिली, आणि या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही गाडी ना अस्तित्वात आहे ना कधी होती. विक्रीला काढले होते ते धातूबरोबरच तिचा इतिहास आणि लौकिक. करार पाळणे खरेदीदाराला भाग पडले.

हा निर्णय मराठीत सांगताना एक गंमत होते. 'मूळ' म्हणजे झाडाचे मूळ, आणि 'अस्सल' हा शब्दही अरबी 'असल', म्हणजे मूळ, याच्यापासूनच आलेला. व्युत्पत्तीने दोन्ही एकच. वापरात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दप्तरखान्यात 'अस्सल' कागद म्हणजे शिक्क्यामोर्तबासह प्रत्यक्ष लिहिला गेलेला कागद. तिथे शाई आणि कागद तेच असावे लागतात, आणि बाकी सगळी नक्कल. पण माणसाला, बियाणाला, घराण्याला 'अस्सल' म्हटले जाते तेव्हा जुन्या पिढीचा एकही कण नव्या पिढीत असण्याची अपेक्षा नसते. परंपरा न तुटता इथवर आली, एवढेच त्यात अभिप्रेत असते. ऑटन यांनी मोटारीला कागदाच्या अर्थाने नव्हे, घराण्याच्या अर्थाने अस्सल ठरवले. खरेदीदार कागदाच्या अर्थाने बोलत होता. वादाचा निम्मा भाग इथेच संपतो. उरलेला निम्मा अधिक अवघड आहे, कारण तो नीतीचा आहे.

भाग बदलणे या एकाच कृतीत दोन अगदी भिन्न वृत्ती लपलेल्या असतात. 1929 ते 1932 या काळात कार्यशाळेतल्या कारागिरांनी इंजिन काढले, चासी बदलली, आस बदलला, ते उद्याच्या शर्यतीसाठी. काल जिंकलेले लोखंड जपावे, असा विचार त्यांच्या मनाला शिवण्याचे कारणच नव्हते. ही डागडुजी होय. ती निरागस असते, कारण तिला भूतकाळाबद्दल काहीही सिद्ध करायचे नसते. जीर्णोद्धार ही निराळी गोष्ट. त्यात कारागीर मागे वळून पाहत असतो आणि बसवलेला प्रत्येक खिळा 'असे होते' असे विधान करतो. विधान खरे असते किंवा खोटे असते. म्हणून डागडुजीला कौशल्य पुरते, पण जीर्णोद्धाराला सचोटीही लागते. न्यायालयाचा सलगतेचा निकष पहिल्या प्रकाराला चोख लागू पडतो. दुसऱ्याला तो तितकासा लागू पडत नाही, कारण बंद बॉडी उतरवून शर्यतीच्या रूपाची बॉडी चढवणे हे काही गाडीच्या आयुष्यात सहज घडलेले पुढचे पाऊल नव्हे. ते मागे टाकलेले पाऊल आहे, आणि मागे जायचे तर कोणत्या दिवसापर्यंत जायचे हे कोणीतरी ठरवावे लागते. 1929 च्या जूनपर्यंत? 1930 पर्यंत? अपघाताच्या आदल्या सकाळपर्यंत? यातला कोणताही दिवस निवडला तरी बाकीचे दिवस पुसले जातात.

मराठी वाचकाला ही अडचण अपरिचित नाही. 'ज्ञानेश्वरी' 1290 साली सिद्ध झाली आणि 1584 मध्ये एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकलकारांच्या हातून पाठ बिघडले होते. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते, आणि त्यांना ओवी रचणे काही कठीण नव्हते. नेमकी म्हणूनच त्यांची नंतरच्यांना केलेली मनाई, की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, विलक्षण अर्थपूर्ण वाटते. ज्याला भर घालता येते त्याने ती न घालणे, यात जीर्णोद्धाराचे सगळे शील आले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या संपादकांनी आणखी एक मार्ग दाखवला. जे पाठ संहितेतून वगळले ते फेकून दिले नाहीत, तर पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात छापले. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला स्वतःचा निर्णय घेण्याची सोय राहिली.

मोटारीला तळटीप देता येत नाही. एका वेळी तिच्यावर एकच बॉडी बसते. म्हणून उतरवलेल्या भागांच्या नोंदी, छायाचित्रे, हिशेबाच्या चिठ्ठ्या हीच तिची परिशिष्टे, आणि ती जपणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. लोखंडाची मालकी पूर्ण असू शकते, पण इतिहासाची मालकी तशी नसते. मोटार विकत घेणारा तिच्या इतिहासाचा केवळ सांभाळकर्ता असतो. जुन्या मोटारींच्या शौकिनांनाही हे उशिरा का होईना उमगू लागले आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे 1950 पासून भरणाऱ्या प्रदर्शनात अनेक वर्षे सर्वोच्च मान आरशासारख्या चकचकीत, नव्याहून नव्या दिसणाऱ्या गाड्यांना मिळत आला. 2024 मध्ये मात्र तो 1934 च्या एका बुगाटीला मिळाला. ही गाडी पूर्वी बेल्जियमच्या तिसऱ्या लिओपोल्ड राजाची होती आणि तिचा जुना रंग पुन्हा न देता तसाच राखलेला होता. न सुधारलेल्या गाडीला तिथे हा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. एका पारितोषिकाने युग बदलते असे नव्हे, आणि न सुधारलेपणाचीही आता बाजारात किंमत वाढू लागली आहे हे विसरून चालत नाही. झिजलेला रंगही उद्या कृत्रिमरीत्या झिजवला जाईल.

दुसरे टोक खुद्द कंपनीने गाठले. 1920 च्या दशकात टिम बर्किनच्या चमूसाठी बांधलेल्या एका 'ब्लोअर' बेंटलेचे सुटे भाग मोजून तशाच बारा नव्या गाड्या घडवण्याचे बेंटलेने 2019 मध्ये जाहीर केले. मोजमाप तेच, आराखडा तोच, नावाचा वारसही तोच. थॉमस हॉब्जने सतराव्या शतकात थीसियसच्या जहाजाला जो पीळ दिला होता, की काढलेल्या फळ्या गोळा करून दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते, त्याच्याही पलीकडची ही अवस्था आहे. इथे जुन्या फळ्यांचीही गरज उरलेली नाही. या बारा गाड्यांविषयी फसवणुकीची तक्रार करता येत नाही, कारण त्या नव्या आहेत हे उघड सांगितले गेले. नेमके म्हणूनच त्या उपयोगी पडतात. रूप, मोजमाप, जात आणि नाव हे सगळे असूनही जे त्यांच्यापाशी नाही, तेच 'ओल्ड नंबर वन'पाशी आहे, आणि ते म्हणजे तिच्यावर प्रत्यक्ष घडून गेलेले प्रसंग.

पण तसे म्हटले की न्यायालयातल्या त्या यादीकडे पुन्हा वळावे लागते. विजयाच्या गाडीचे उरले आहे ते एक कवच, एक दांडा, एक स्तंभ. त्या मोटारीत जे भरभक्कम, निर्विवाद आणि जागच्या जागी उरले आहे ते 1932 चे आहे. चासी तीच, जी ब्रुकलँड्सच्या काठावरून गेली. इंजिनही तेच. कागदाच्या कडक अर्थाने पाहिले तर ही मोटार ल माँ जिंकणारी मोटार आहे की नाही याबद्दल वाद घालता येईल, पण क्लाइव्ह डन्फी जिच्यात मेला ती ही मोटार आहे, याबद्दल वाद घालायला फारशी जागा नाही. सलगतेच्या निकषाने दोन्ही लौकिक तिचेच ठरतात आणि एकत्रच येतात. एक ठेवून दुसरा टाकण्याची सोय त्या निकषात नाही. किंमत मात्र पहिल्याचीच ठरली होती, आणि चढवलेली उघडी बॉडीही त्या पहिल्याचेच रूप दाखवत होती. दोन्ही दिवस ज्याच्या आयुष्यात आले तो एकच माणूस होता. बार्नाटोने ही मोटार दोनदा जिंकवली होती आणि डन्फी मेल्यानंतर ती दुरुस्त करवणाराही तोच होता. वाटले असते तर तो तिला पुन्हा शर्यतीचे रूप देऊ शकला असता. त्याने तिच्यावर वर टप असलेली, दोनच माणसे बसतील अशी बंद बॉडी चढवली. ती बॉडी 1990 मध्ये न्यायालयापुढे नव्हती.