चव आणि माप

घरीं चार स्नेही जमले असतां यजमानानें व्होडकेंत संत्र्याचा रस, थोडें लिंबू व बर्फ घालून पेले भरावेत, यांत आतां कोणास नवल वाटत नाहीं. मद्यपान इष्ट कीं अनिष्ट, हा वाद फार जुना आहे. तो आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. आमचा प्रश्न त्याहून लहान, परंतु अधिक निकडीचा आहे. मद्याची चव फळांच्या रसानें झांकून तें दुसऱ्याच्या हातीं देणें, ही फसवणूक आहे काय?

'व्होडका' हें पाणी या अर्थाच्या 'वोदा' या रशियन शब्दाचें लडिवाळ रूप. रशियांत ती थंडगार व निर्भेळ पितात आणि घोटावर खारवलेली काकडी खातात. आपण काय पीत आहों, याविषयीं पिणारास तेथें संशय उरत नाहीं. अमेरिकेंत मात्र तिच्या निर्गुणपणाचेंच कौतुक झालें. जिला विशिष्ट चव, वास वा रंग नाहीं ती व्होडका, अशी तेथील सरकारी व्याख्या २०२० सालापर्यंत होती. स्वतः मौन धरणाऱ्या अशा वस्तूंत रस मिसळला, कीं बोलतो तो रसच. मद्य बोलत नाहीं.

आमचाच अनुभव सांगतों. एका सायंकाळीं पेले आम्हींच भरले. माप कपाटांत होतें. तें काढण्याचा आळस केला व अंदाजानें ओतलें. मद्याची फारशी संवय नसलेल्या एका स्नेह्यांनीं विचारलें, "फार कडक नाहीं ना हो?" आम्ही हंसून म्हणालों, "छे हो, सरबतच समजा." त्यांनीं तें खरें मानलें व तीन पेले घेतले. निघतेवेळीं जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसली नाहीं. भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावलें. पण त्यांच्या हातांत स्कूटरची किल्ली होती. ती आम्हीं मागून घेतली व त्यांना रिक्षांतून घरीं पोंचविलें. वाटेंत क्षमा मागत होते ते, आम्ही नव्हे!

हिशेब साधा आहे. शेंकडा ४० मद्यार्काच्या व्होडकेचे ६० मिलिलिटर घेतले, तर त्यांत सुमारें १९ ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो. निरोगी माणसाच्या शरीरांतून तासाला साधारणतः ७ ते १० ग्रॅमच नाहींसे होतात. म्हणजे अशा एका पेल्यास दोन तास तरी हवेत. कितीहि रस ओतला तरी पेल्यांतील मद्यार्क थेंबानेंहि कमी होत नाहीं.

कोणी म्हणेल, वैद्यहि कडू औषध मधाच्या अनुपानांत देतोच कीं! खरें आहे. परंतु तो मात्रा मोजून देतो, आणि आपण औषध घेत आहों हें रोग्यास ठाऊक असतें. दुसरा आक्षेप असा, कीं पाहुणा जाणता आहे. किती प्यावें हें त्याचें त्यानें पाहावें. हाहि आक्षेप एरव्हीं रास्त ठरता. पण निर्भेळ मद्य पिणारास त्याचा घसाच सावध करतो. तो पहारेकरी आम्हीं संत्र्याच्या रसानें झोंपविला. ज्यानें पहारेकरी झोंपविला, पहारा त्यानेंच करावयास नको काय?

म्हणून आमचें उत्तर असें: चव झांकण्यांत पाप नाहीं, माप झांकण्यांत आहे. आणि विचारणारास 'सरबतच समजा' म्हणणें हें तर उघड असत्यच. आतां आम्ही पाहुण्यांच्या देखत ३० मिलिलिटरचें माप भरतों, पेल्यांत किती मद्य आहे तें सांगतों, आणि घरीं कसें जाणार हें आधींच विचारतों. यानें बैठकीचा रंग किंचित् उतरतो, हें आम्हांस मान्य आहे. त्या स्नेह्यांची क्षमा मात्र आम्हीं दुसऱ्या दिवशीं किल्ली परत देतांना मागितली. ती आदल्या रात्रींच मागावयास हवी होती.