खुर्चीपुढे की प्रभूपुढे?

कोलकात्याच्या पूर्वेस वसलेल्या न्यू टाउन या नव्या नगरात नोकरीनिमित्त माझे वास्तव्य आहे. येथे मराठी उपासना कानी पडत नाही. म्हणून नित्याचे शास्त्रवाचन हाच माझा आधार. अध्याय वाचला की मोबाइलवर खूण उमटे आणि अखंड दिवसांची संख्या एकाने वाढे. ती दोनशेच्या पुढे गेली होती.

एके रात्री शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या छातीत कळ आली. त्यांना आम्ही रुग्णालयात नेले. त्यांच्या पत्नी बाकावर माझ्याशेजारी रडत होत्या. आणि माझ्या मनाला चुटपुट कसली, तर बारा वाजत आले आणि आजची खूण राहिली! मी त्यांच्याकडे पाठ फिरवून अध्याय वाचला. खूण उमटली, परंतु प्रभूची भेट झाली, असे मला म्हणवेना.

अशा वेळी वाटते, ही शिस्तच सोडून द्यावी. तारण कृपेने झाले असता नेम हवेत कशाला? आपल्यापैकी अनेकांच्या मनाला हा विचार शिवून गेला असेल. याच कोलकात्यातील एक जुना प्रसंग या बाबतीत विचार करण्यासारखा आहे.

१८७८ साली पंडिता रमाबाई आपले बंधू श्रीनिवास यांच्यासह या शहरी आल्या. तेथे त्या ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्यास गेल्या. कोणी ग्रंथ वाचला, मग सर्वांनी खुर्च्यांपुढे गुडघे टेकले आणि डोळे मिटून काही उच्चारले. समोर मूर्ती दिसेना. तेव्हा हे लोक खुर्च्यांनाच नमन करीत आहेत की काय, असे रमाबाईंना वाटले. हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत सांगितले आहे. वाचून हसू येते खरे. पण गुडघे टेकणाऱ्याचे मन प्रभूकडे नसेल, तर त्या पाहुणीचा तर्क फारसा चुकला असे म्हणता येईल काय? माझी खुर्ची म्हणजे तो आकडा होता.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तरीही आठ वर्षांनंतर त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त लाभलेला नाही. मग ख्रिस्त लाभल्यावर त्यांनी प्रार्थना सोडली का? उलट १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी प्रार्थनेसाठी हाक दिली आणि सुमारे सत्तर जणी रोज एकत्र जमू लागल्या. शास्त्राच्या मराठी भाषांतरासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत, १९२२ पर्यंत, ते काम त्यांनी नेटाने केले. नेम गेले नाहीत. नेमांचे मूळ बदलले.

तेव्हा कर्मठपणा नियमितपणात नसतो. मन लागत नसताना प्रार्थनेस बसणे हे ढोंग नव्हे. आई लेकराला भरवते तेव्हा दर घासाला तिचे मन उचंबळतेच असे नाही. म्हणून ते भरवणे खोटे ठरत नाही. कर्मठपणा सुरू होतो तो आपण देवापुढे हिशेबाची वही उघडतो तेव्हा. लूक १८ मधील परूश्याचा उपास वाईट नव्हता, दशांशही वाईट नव्हता. त्या दोहोंच्या आधारे त्याने जकातदाराला तुच्छ लेखले, हे वाईट. आपला प्रभू एकांती जाऊन प्रार्थना करी आणि शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताचा मनुष्य समोर आला, तेव्हा त्याला बरेही करी. ही दोन्ही कामे एकाच प्रीतीची होती.

आपली शिस्त कोणत्या मुळावर उभी आहे, हे नेम चुकलेल्या दिवशी कळते. त्या दिवशी देवाला तोंड दाखवू नये असे वाटले, तर आपण धन्याचा हिशेब चुकता करीत होतो. त्याच्या सहवासाची भूक लागली, तर आपण लेकरे आहोत. आणि नेम पाळलेल्या दिवशीही विचारावे: उठल्यावर शेजाऱ्याचे दुःख मला अधिक दिसले की कमी?

ते गृहस्थ बरे होऊन घरी आले. मी त्यांच्या पत्नीची क्षमा मागितली. त्यांना त्या रात्रीचे माझे वागणे आठवतही नव्हते. मला मात्र ते विसरून चालणार नाही. मोबाइलवरील मोजणी मी बंद केली आहे. वाचन चालू आहे. मधूनच एखादा दिवस चुकतो, आणि दुसऱ्या पहाटे मी पुन्हा बसतो.

वाचकहो, आज रात्री आपणही गुडघे टेकाल. डोळे मिटण्यापूर्वी क्षणभर पाहा, समोर कोण आहे.